लवूच्या कॅमेऱ्यात एकच चेहरा

आमच्या इमारतीत ज्याच्या भिंतीवर म्हणून फोटो आहे, त्या प्रत्येकाची हनुवटी खाली आहे. पाहुण्यांना वाटतं, काय नम्र माणसं राहतात इथे. तसं काही नाही. सगळे फोटो लवू धुरीने काढलेत, आणि "हनुवटी खाली" म्हटल्याशिवाय त्याचं बोट शटरवर पडत नाही. राजाध्यक्षांची गंधाली बारशाला बारा दिवसांची होती, तिलाही तो हेच म्हणाला होता. तिने ऐकलं, असं तो अजून सांगतो.

लवू नि मी वाकोल्याच्या एकाच चाळीत वाढलो. चाळ पडली, तिथे पाच मजल्यांची इमारत उभी राहिली, पण शेजार काही सुटला नाही. त्याचं दार माझ्या दारासमोर. माझे यजमान म्हणतात, टीव्हीवर काही नसलं की कुंदा दार उघडून बसते. बसते. त्यात लपवण्यासारखं काय आहे? लपवायची कामं समोरच्या दारात चालायची, तेच तर सांगायला बसलेय.

लवूचं दुकान रस्त्यावरच आहे, 'धुरी फोटो'. पुढे झेरॉक्सचं मशीन, मागे पडदा, पडद्यामागे पांढरी भिंत आणि एक स्टूल. हे स्टूल त्याने जमिनीला स्क्रूने ठोकून टाकलंय. गिऱ्हाईक हललं तरी स्टूल हलत नाही, अंतर कायम राहतं, पासपोर्टचा फोटो चुकत नाही. संध्याकाळी आणि मुहूर्ताच्या दिवसांत बारसं, मुंज, साखरपुडा, लग्न. बाप गिरणीत होता, गिरणी बंद पडल्यावर मालवणला परत गेला. लवू वाकोल्यातच राहिला आणि एका फोटोग्राफरच्या हाताखाली भिंगं पुसत पुसत शिकला.

त्याचा अभिमान एकच, फोकस. तो हाताने करायचा. कॅमेऱ्यात आपोआप फोकस करायची सोय येऊन जमाना झाला, तरी हा भिंगावरची कडी स्वतः फिरवणार. "फोकस डोळ्यात नसता गो कुंदा, बोटात असता," असं मला ऐकवायचा. नवरीपासून आठ फूट, नवरीच्या आईपासून बारा फूट, नवऱ्याच्या मामापासून जितकं लांब राहता येईल तितकं. आणि एवढ्या सगळ्या जगाचे फोटो काढणाऱ्याच्या घरी त्याच्या बायकोचे, सुलक्षणाचे, भिंतीवर फोटो किती? एक. तोही त्यांच्या लग्नातला, म्हणजे दुसऱ्या कुणीतरी काढलेला.

तर दोनेक वर्षांपूर्वी बोटातला फोकस घसरायला लागला. आमच्या हळदीकुंकवाच्या फोटोत बायका धुरकट आणि मागची फुलदाणी लख्ख. मी म्हटलं, "लवू, फुलदाणीला वाण दिलं होतं का रे आम्ही?" म्हणाला, भिंगात बुरशी धरलीय. मग एक दिवस जिन्यात त्याने वॉचमनला "काय श्यामसुंदर, बँकेत आज सुट्टी?" असं विचारलं. श्यामसुंदर राजाध्यक्ष म्हणजे गंधालीचे वडील, तिसऱ्या मजल्यावरचे, सहा फूट उंच. वॉचमन माझ्या खांद्याला लागतो.

आता जे मला नंतर कळलं ते आधीच सांगून टाकते, पोटात ठेवायची मला सवय नाही. लवूच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता, चांगला पिकत आलेला. उजवा म्हणजे कॅमेऱ्याला लावायचा डोळा. चष्म्याच्या दुकानात तपासायला गेला तेव्हा त्यांनी चिठ्ठी लिहून दिली होती, डॉक्टरांना दाखवा म्हणून. ती चिठ्ठी त्याने घडी करून कॅमेऱ्याच्या बॅगेत, भिंगाच्या कप्प्यात कोंबली. बायकोलाही सांगितलं नाही. कारणं दोन. एक, त्याच्या बापाने कुठल्याशा शिबिरात डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं होतं आणि तो डोळा गेला होता. दोन, डोळ्यात मोती पडलेल्या फोटोग्राफरला लग्नाला बोलावतो कोण? आणि मला कळलं असतं तर वाकोल्यात कुणाला कळायचं राहिलं नसतं, हे तिसरं कारण त्याने तोंडावर सांगितलं, पण ते मी धरत नाही.

मग डोळ्याचं काम कुणीतरी दुसऱ्याने करायला हवं होतं. लवूचा मुलगा सुशांत बोरिवलीला राहतो, चांगल्या नोकरीत आहे. त्याने दसऱ्याला बापाला नवा कॅमेरा आणून दिला. "बाबा, आता फोकसचं टेन्शनच घेऊ नका. समोर चेहरा आला की कॅमेरा स्वतः ओळखतो, त्याच्यावर हिरवा चौकोन येतो, पीप वाजतं, की दाबायचं. झकास काम." एरवी लवूने असल्या सोयीची टर उडवली असती. या वेळी त्याने दोन्ही हातांनी कॅमेरा घेतला आणि सगळं परत एकदा सांगायला लावलं. मी समोरच होते. मला तेव्हाच वास यायला हवा होता.

सुशांत गेला. लवूने कॅमेऱ्याला झेंडूची माळ घातली, हळदकुंकू लावलं आणि मेनू उघडून बसला. त्यात एका ठिकाणी 'चेहरा नोंदवा' अशा अर्थाचं काहीतरी होतं. लवूने सुशांतला फोन लावला. "अरे, चेहरा नोंदवा म्हणतोय." सुशांत गाडी चालवत होता. "नोंदवा मग," म्हणाला आणि फोन ठेवला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. रोलचा जमाना होता तेव्हा लवू प्रत्येक नव्या रोलची पहिली फ्रेम घरच्या देवाची काढायचा. छत्तीसातली एक फ्रेम देवाची, मग उरलेल्या माणसांच्या. आता रोलच नाही, तर देवाला द्यायचं काय? त्याला वाटलं, हीच ती पहिली फ्रेम. खातं उघडताना पहिलं नाव लागतं तसं. त्याने देवघरातल्या गणपतीवर कॅमेरा धरला. चौकोन येईना. जवळून धरला, लांबून धरला, समई लावून धरला. कॅमेरा काही गणपतीला ओळखेना.

"सोंड आडवी येतेय," मी म्हटलं.

"गप ऱ्हव गो."

तेवढ्यात सुलक्षणा दाराला तोरण बांधून आत आली. कपाळावर कुंकू, केसांत झेंडूचं फूल खोचलेलं. पीप. हिरवा चौकोन तिच्या चेहऱ्यावर जाऊन बसला. लवू म्हणाला, चला, घरची सवाष्ण आहे, दसऱ्याचा दिवस आहे, हिचाच नोंदवू. आणि नोंदवला. कॅमेऱ्याचं समाधान झालं, आमचंही झालं, आणि आम्ही श्रीखंड खायला बसलो.

पुढचे दोन महिने बरे गेले. लवू दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्यावर कॅमेरा धरायचा, पीप वाजायचं, फोटो सुरेख. त्याला चौकोन नीट दिसत नव्हता, हिरवा डाग दिसायचा नुसता. पण कान शाबूत होते. पीप ऐकायचं नि दाबायचं. चालण्यातला जुना तोरा परत आला.

डिसेंबरात गंधालीचं ठरलं. मुलगा मुलुंडचा, मिहिर, शांत नि हसरा. पण गंधालीला फोटो काढायला एजन्सी हवी होती. चार जण येतात, ड्रोन उडवतात, आपण कॅमेऱ्याकडे न बघता हसायचं असतं. तिने मला मोबाईलवर दाखवलं. श्यामसुंदर म्हणाले, "लवूने तुझं बारसं केलं, मुंज नाही पण दहावीचा सत्कार केला. त्याला नाही कसं म्हणायचं?"

"बाबा, मागच्या हळदीकुंकवाचे फोटो बघितलेत ना तुम्ही? वाट लावलीय."

शेवटी मधला मार्ग निघाला. साखरपुडा लवूकाकांकडे. फोटो चांगले आले तर लग्नही त्यांच्याकडे. नाही आले तर एजन्सी, आणि कुणी रुसायचं नाही. हे लवूला सांगायला श्यामसुंदर स्वतः आले होते. लवू हसला. "आधी साखरपुडो बघा, मगे बोला." ते गेल्यावर मात्र तो बराच वेळ कॅमेरा मांडीवर घेऊन बसला होता. दार उघडं होतं, मला दिसत होतं. बिल्डिंगमधल्या पोरीचं लग्न बाहेरच्यांनी केलं, तर दुकानाच्या पाटीवर नाव राहील, पण वाकोल्यात राहणार नाही, हे मलाही कळत होतं.

साखरपुडा सांताक्रूझच्या एका हॉलमध्ये होता. दीडशे माणसं, आणि त्या दीडशेंच्या मधोमध सुलक्षणा. ती कुणाच्याही कार्यात पाहुणी म्हणून जातच नाही, कामालाच जाते. ओटीचं ताट तिच्या हातात, अत्तरदाणी तिच्याकडे, साखरेचा पुडा कुठे ठेवलाय ते तिलाच माहीत. गंधालीच्या आईला, मीराला, काही हवं असलं की ती "सुलक्षणा" म्हणून हाक मारायची, आणि सुलक्षणा जिथे असेल तिथून यायची.

लवूने नवा शर्ट घातला होता. कॅमेरा पीप पीप वाजत होता आणि लवू खूश होता. स्टेजवर चढला, उतरला, खुर्चीवर उभा राहिला. "हनुवटी खाली." मिहिरच्या काकांनी विचारलं, "हल्ली सगळं ऑटोमॅटिक ना?" लवू म्हणाला, "कॅमेरा ऑटोमॅटिक, माणूस म्यॅन्युअल." काका हसले. मीही हसले, चांगलं बोलला होता. संध्याकाळी टॅक्सीतून येताना मला म्हणाला, "चारशे बारा फोटो. एक चुकलेला नाय. प्रत्येकाक पीप वाजला."

रविवारी राजाध्यक्षांकडे सगळे जमलो. पेनड्राइव्ह टीव्हीला लावला. मीराने बटाटेवडे केले होते. मिहिर मुलुंडहून आला होता. लवू सोफ्याच्या टोकाला, हात मांडीवर, पहिल्या रांगेत बसलेल्या वरबापासारखा.

पहिला फोटो. गंधाली आणि मिहिर हार घेऊन उभे. दोघंही असे, जणू कुणी ओल्या कापडाने पुसलेत. आणि त्यांच्या मागे, बारा फुटांवर, पेढ्यांचं ताट घेतलेली सुलक्षणा. एकेक केस मोजून घ्यावा इतकी स्पष्ट.

"होतं एखाद्या वेळी," श्यामसुंदर म्हणाले.

दुसरा. मिहिरचे आईवडील पुसट, खांबाआडून डोकावणारी सुलक्षणा लख्ख. तिसरा. ओटी भरताहेत, ओटी भरणारी धुक्यात, ओटी भरून घेणारी धुक्यात, आणि दारातून अत्तरदाणी घेऊन येणारी सुलक्षणा, नाकातली चमकीसुद्धा दिसतेय. दहावा, विसावा, तिसावा. मी वडा तोंडात धरून बसले होते, चावायचं भान नव्हतं.

"सुलक्षणा," मी म्हटलं, "साखरपुडा नक्की कुणाचा होता गं?"

सगळे हसले. सुलक्षणा टीव्हीकडे बघत होती. "ही जांभळी साडी मला बरी दिसते नाय?" म्हणाली. तिचा काही दोष नाही. बत्तीस वर्षांत तिने स्वतःला इतकं बघितलं नव्हतं.

लवू हसला नाही. तो उठून टीव्हीच्या अगदी जवळ गेला, हातभर अंतरावर, आणि मान तिरकी करून डाव्या डोळ्याने बघू लागला. आणि तेव्हाच गंधालीला ते दिसलं.

"काकू, तुम्ही प्रत्येक फोटोत कॅमेऱ्याकडेच का बघताय?"

खरंच होतं. ताट हातात, कुणाशी तरी बोलतेय, पण नजर सरळ भिंगात. हसून नव्हे. घाबरलेली. एका फोटोत हात वर करून थांब म्हणतेय. एका फोटोत बोट खाली दाखवतेय, भुवया वर.

"हे काय दाखवताय?"

"पायरी," सुलक्षणा म्हणाली.

"कुठली पायरी?"

"स्टेजची. ह्यांच्या मागे होती. हे मागे मागे जात होते." मग तिने नवऱ्याकडे बघितलं आणि घरात बोलते तसं बोलली. "तुमका दिसना नाय ता माका ठावक आसा. बॅगेतली चिठ्ठी मी वाचलंय. दसऱ्याच्या आधीच."

"मग बोललंस नाय कशाक?"

"तुमी बोलल्यात?"

लवू टीव्हीसमोर उभाच होता. पडद्यावर त्याच्या खांद्याशेजारी सुलक्षणा बोटाने पायरी दाखवत होती. श्यामसुंदरांनी चहाचा कप उचलला, तो रिकामा होता, तरी प्यायले.

मिहिरने हळूच विचारलं, "काका, कॅमेरा बघू?" त्याने मेनू उघडला, दोन बटणं दाबली, आणि एकदम हसू दाबत म्हणाला, "काका, यात एक चेहरा नोंदवलाय. नोंदवलेला चेहरा गर्दीत दिसला की हा बाकी सगळ्यांना सोडून त्याच्यावरच फोकस करतो. लोक आपल्या मुलाचा वगैरे नोंदवतात, शाळेच्या कार्यक्रमात तोच पकडावा म्हणून."

"माका वाटला, एकतरी नोंदवल्याशिवाय चालू होणा नाय," लवू म्हणाला. "गणपतीचो घेय ना, म्हणान हिचो."

यावर हसायला मला फार आवडलं असतं. मी वडा गिळला.

मिहिर आणि गंधाली बाकीचे फोटो भराभर पुढे सरकवत गेले. चारशे बारापैकी एकतीस फोटो असे सापडले, ज्यात नवरानवरी स्वच्छ होती. वेळ बघितली तर एक सोडून सगळे दीड ते पावणेदोनच्या मधले. सुलक्षणा त्या वेळी जेवायला बसली होती.

"आणि हा?" गंधाली थांबली.

अंगठीचा फोटो. मिहिर अंगठी घालतोय, गंधालीची मान खाली, आणि तिच्या खांद्याला खांदा लावून अंगठ्यांची ताटली धरून सुलक्षणा. तिघंही एका ओळीत, एकाच अंतरावर. कॅमेऱ्याने सुलक्षणाला पकडलं आणि तिच्यासोबत बाकीचे दोघंही आले. गंधालीच्या पापणीवर अडकलेली अक्षतासुद्धा दिसत होती. फोटो इतका चांगला होता की मीराने तो पुढे सरकवू दिला नाही. एजन्सीच्या चौघांनी ड्रोनसकट येऊन असा काढला नसता, आणि मी हे शेजारी म्हणून सांगत नाही.

लवू म्हणाला, "गंधाली, तू एजन्सी बघ. ठरल्याप्रमाणे. माझो राग नाय." आणि पेनड्राइव्ह काढायला वाकला. त्याचा हात पेनड्राइव्हच्या दोन बोटं बाजूला चाचपडत होता. सुलक्षणाने उठून तो काढून त्याच्या हातात दिला.

गंधालीने वडिलांकडे बघितलं, मिहिरकडे बघितलं. मग म्हणाली, "लवूकाका, लग्न एप्रिलमध्ये आहे. आत्ता डिसेंबर. तुम्ही डोळा करून घ्या, आणि लग्न तुम्हीच करा. पण काकू फोटोत नकोत. त्या तुमच्या मागे उभ्या राहतील."

"आणि नाय केलंय तर?"

"तर ड्रोन."

बापाचा डोळा त्याला आठवत असणार. दोन दिवस तो दुकानात जाऊन स्टुलावर बसत होता, आरशासमोर एकदा हा डोळा झाकून, एकदा तो. तिसऱ्या दिवशी मी दारातून ओरडले, "लवू, ऑपरेशनला पंधरा मिनिटं लागतात. तुझ्या एका ग्रुप फोटोला वीस लागतात." म्हणाला, "तुझो डोळो घेऊन जा मगे." पण चौथ्या दिवशी सुलक्षणाने तीच चिठ्ठी बॅगेतून काढून त्याच्या शर्टाच्या खिशात घातली आणि रिक्षा बोलावली. जानेवारीत ऑपरेशन झालं. पट्टी निघाली त्या दिवशी जिन्यात मला बघून म्हणाला, "कुंदा, तू केवढी म्हातारी झालंस गो." डोळा उत्तम झाला म्हणायचा.

एप्रिलमध्ये लग्न लागलं. सुलक्षणा तीन तास लवूच्या पाठीमागे उभी होती, खांद्याला बॅग, हातात पाण्याची बाटली. मीराने हाक मारली की तिचा पाय पुढे पडायचा आणि लवू मागे न बघता म्हणायचा, "खय चललंस?" अंतरपाट बाजूला झाला तेव्हाचा फोटो आता राजाध्यक्षांच्या हॉलमध्ये आहे. दोघांची हनुवटी खाली. घरी येताना सुलक्षणा कुरकुरली, "एवढी पैठणी नेसले, एका फोटोत मी नाय."

मिहिरने त्या रविवारीच म्हटलं होतं, काका, तो नोंदवलेला चेहरा काढून टाकू का, एक मिनिटाचं काम आहे. लवू म्हणाला होता, राहू दे, मी करतो. मे उलटला तरी त्याने तो काढलेला नाही. परवा मी विचारलं. म्हणाला, "मेनूत खय आसा ता गावणा नाय. अक्षरां बारीक."

त्याआधी दहा मिनिटं माझ्याकडचं गरम मसाल्याचं पाकीट उलटंपालटं करून, चष्म्याशिवाय, त्याने मला त्याची मुदत फेब्रुवारीतच संपल्याचं वाचून दाखवलं होतं.